'घर'च्या मागचं कार्ड

१२ नोव्हेंबर

ताईस नमस्कार.

मी मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी चष्मा शोधशील आणि मग कपाळाला आठ्या घालशील. घाल. पण पत्र शेवटपर्यंत वाच, एक मागणं आहे.

शब्दकोशाच्या कार्यालयातले लाकडी खण रिकामे करतायत. सगळे शब्द आता संगणकात जाणार. बाबांची कार्डं तपासायचं काम माझ्याकडेच आलंय. आठवतं, सुट्टीत ते आपल्याला तिथे न्यायचे? तू खुर्चीवर, मी स्टुलावर, मध्ये कार्डांचा ढीग. अर्थ पक्का नसेल ते कार्ड पेन्सिलीनं लिहिलेलं, पक्का झाला की त्यावर शाई. तू भराभर अक्षराप्रमाणे लावायचीस. मी वाचत बसले की म्हणायचीस, "अगं बाई, लाव ना! वाचतेस काय?" ते दिवस फार आठवतात गं.

काल 'ग'च्या खणात 'गर्भाशय' सापडेना. दोन तास शोधलं. निघालं 'घ'मध्ये, 'घर'च्या मागे! बाबांच्या अक्षरात: गर्भ अधिक आशय. आशय म्हणजे निजायची, राहायची जागा. 'शी' म्हणजे निजणे, त्या धातूपासून. जलाशयातला आशयही तोच. मी तेव्हा सात वर्षांची असेन. बाळ निजतं ती जागा म्हणजे त्याचं घरच की, असं म्हणून मीच ते तिथे खुपसलं होतं. तू हसून हसून लोळली होतीस. पण बाबांनी कार्डाच्या पाठीमागे लिहिलंय, "धाकटीने इथे लावले. असू द्यावे."

ते वाचून मी सगळ्यांदेखत रडले.

कारण सांगते. येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. गाठी फार वाढल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवी काढून टाकू." मी म्हटलं, "पिशवी काय? भाजी आणायचीय का?" त्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन जेवले मात्र नाही.

त्या घरात दोनदा कुणीतरी आलं, ताई, पण राहिलं नाही. दुसऱ्या वेळचं तुला कधी सांगितलंच नाही. म्हणून तुझ्या लेकीवरून बोलणं निघालं आणि तू म्हणालीस, "तुला मूल नाही, तुला काय कळणार," तेव्हा मी दार आपटून निघून आले. तुला ठाऊक नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी अबोला धरला. हे गेले तेव्हाही तुझ्याशी धड बोलले नाही. चूक माझीच जास्त.

मला भीती वाटतेय. आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगावीशी वाटत नाही.

दवाखान्याच्या फॉर्मवर सोबतच्या नातेवाइकाचं नाव मागतात. मी तुझं लिहिलंय, पेन्सिलीनं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. येताना शाईचं पेन आण.

तुझी,
धाकटी