मागच्या सीटवरचं वजन

मंगळवार, ४ मार्च

अठराचंच रिम! मी अठरा म्हटलं होतं आणि मी अठरावरच आहे.

सकाळी तो लग्नांचे फोटो काढणारा पोरगा आला. गाडी कुठूनतरी आधीच खाली करून आणलेली, स्प्रिंगा बदलून, पोट जमिनीला टेकेल इतकी. आता चाकं हवीत. मी नुसती नजर टाकून सांगितलं, अठरा इंचाचं रिम, सव्वादोनशेचा रुंद टायर. चाक मडगार्डच्या बरोबरीने बाहेर येईल, लोक वळून बघतील. पोरगा खूश. आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणतो कसा — ‘वहिनी, तुम्हाला काय वाटतं?’

वहिनी म्हणजे आमची ही! हिला हे काम शिकवलं कोणी? मी. लग्न होऊन आली तेव्हा टायरवरचे आकडे म्हणजे किंमत असते असं वाटायचं हिला. आता गल्ल्यावर बसल्या बसल्या विचारते, ‘मागे कोण बसतं?’

‘सासू-सासरे. दर रविवारी.’

‘अंगाने कसे आहेत?’

‘सासरे जरा... भरभक्कम आहेत.’

झालं! मग सतराचंच रिम घे, टायर दोनशे पाचचा, रिम थोडं आत बसणारं. नाहीतर माणसं बसली की टायर मडगार्डला घासेल. पोरगा मान डोलावतोय नंदीबैलासारखी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुकानाच्या पाटीवर नाव माझं आहे. उद्या मला कोणी काही विचारलंच नाही, तर मी काय करायचं? हवा भरत बसायचं?

बुधवार, ५ मार्च

आज तर कहर झाला.

पोरगा मापाला आला. मी टेप काढली, चाकाच्या वर किती जागा आहे ते बघितलं, सांगितलं — अठरा आरामात बसतंय. तर ही म्हणते, ‘रिकाम्या गाडीचं माप म्हणजे उपाशी माणसाला पँट शिवणं.’ पोरगा हसला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही हसली. मग ही माझ्याकडे वळून म्हणाली, ‘अहो, तुम्ही बसा बरं मागे. सासऱ्यांच्या जागी.’

बसलो. काय करणार, चार माणसांत नाही कसं म्हणायचं! गुडघे हनुवटीला, डोकं छताला. बाजूला बॅटऱ्या ठेवल्या सासूबाई म्हणून. आणि ही खाली बसून टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घालून बघतेय, पोरगा तिच्या शेजारी उकिडवा, दोघांची डोकी एकत्र. ‘इथे दोन बोटं राहायलाच हवीत बघ. ही स्प्रिंगखालची रिंग पान्याने फिरवली की गाडी वर-खाली होते. दोन बोटांच्या खाली जायचं नाही.’ हे वाक्य माझं! शब्दन् शब्द माझा. मीच हिला सांगितलेलं, ह्याच दुकानात. गुरूची विद्या गुरूला!

काचेतून बघितलं तर शेजारचा रंगवाला दारात उभा. ‘काय शेठ, दुकानात आता तुमचंच वजन म्हणा की!’

सगळे हसले. हीसुद्धा हसली. मी पण हसलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

गुरुवार, ६ मार्च

हिच्याशी बोलणं बंद केलं. हिच्या लक्षातच आलं नाही! शेवटी जेवताना मीठ मागावं लागलं.

शनिवार, ८ मार्च

सतराची चाकं आली. दिसतात चांगली, खोटं का बोलू. चढवायला मीच होतो, हिला बहिणीकडे जायचं होतं. जाताना तीनदा बजावलं — ‘मागे दोन बोटं, हं.’ मला! ज्याने हिला बोटं मोजायला शिकवलं त्याला!

चाकं चढवली. मागे बॅटऱ्या रचून बघितलं, दोन बोटं बरोबर बसली, हिचं माप मेलं तंतोतंत. मग पाना हातात होताच. मागच्या दोन्ही रिंगा फिरवल्या. एक बोट खाली घेतली गाडी.

का घेतली? पोरग्याला खालीच हवी होती की! घ्यायला आला तेव्हा टाळ्या पिटल्या त्याने. ‘दादा, एकदम झकास!’ दादा म्हणाला मला. वहिनीचं नाव नाही काढलं.

रविवारी सासरे बसतील, टायर घासेल. मग कळेल त्याला वहिनीचं माप. माझं अठराचं चाक असतं तर याहून जास्त घासलं असतं, ते मला कळतं. पण ते त्याला कुठे कळणार आहे!

रविवार, ९ मार्च

फोन नाही. दिवसभर फोनकडे बघतोय. ही म्हणाली, कोणाच्या फोनची वाट बघताय? म्हटलं, कोणाच्या नाही.

सोमवार, १० मार्च

आला! दुकान उघडायच्या आधीच शटरसमोर उभा. तोंड हे एवढं फुगलेलं. काल स्पीडब्रेकरवर मागून खर्रर्र आवाज, जळक्या रबराचा वास, आणि सासरेबुवा भर रस्त्यात उतरले ते परत बसलेच नाहीत. बसने घरी गेले. बायको बोलत नाही. टायरची बाहेरची कड सोलून निघाली आहे.

‘वहिनी, तुम्ही तर म्हणाला होतात घासणार नाही!’

माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. बोल म्हटलं, आता बोल! ही टॉर्च घेऊन खाली वाकली. बराच वेळ बघत होती. उठली, हात पुसले, म्हणाली, ‘चूक माझी आहे. नवी स्प्रिंग थोडी दबते, ते मी धरायला हवं होतं. टायर आमच्याकडून बदलून देते. तुझ्या सासऱ्यांना मी स्वतः फोन करते.’

स्प्रिंग दबते! वाटलं हिला खरंच! मी सुटलो.

पण पुढे काय झालं बघा. हिने त्याच्या सासऱ्यांना फोन लावला, माफी मागितली, दोन मिनिटांत म्हातारा हसायला लागला पलीकडून. आणि पोरगा हात जोडून म्हणतो, ‘वहिनी, चूक झाली असं सरळ सांगणारं दुकान मी अजून पाहिलं नाही. माझ्या सगळ्या मित्रांना इथेच पाठवतो.’

म्हणजे बरोबर ठरली तरी हीच मोठी आणि चुकली तरी हीच मोठी! मग मी करू तरी काय? हिची चूक, तीसुद्धा मीच घडवलेली, आणि तिच्यावरही शाबासकी हिलाच. इतकं पोटात दुखलं की दुपारी जेवलो नाही.

बुधवार, १२ मार्च

आजचा दिवस चमत्कारिक गेला.

पोरग्याने खरंच मित्र पाठवला. गाडी तशीच खाली केलेली, ‘वहिनींकडून माप घ्यायचंय’ म्हणत आला. मी तोंड फिरवून पंक्चरचं काम काढलं. तर ही म्हणाली, ‘मी मापं घेत नाही आता. ह्यांना विचारा.’

मला आधी खरंच वाटेना. मग उठलो. टेप काढली. रिम सांगितलं, टायर सांगितला, रिम किती आत बसायला हवं ते समजावलं, आवाज जरा मोठाच लागला माझा. रंगवाला ऐकत होता, ऐकू दे म्हटलं! मित्र म्हणाला, ‘दादा, तुम्हाला बरीच माहिती आहे.’ आहेच मुळी!

एका चुकीने खचली बिचारी. बरं झालं, थोडी जमिनीवर आली.

शुक्रवार, १४ मार्च

दिवसभर सगळं मलाच विचारतात. ही गल्ल्यावर बसून असते, पावत्या करते, बोलत नाही. पूर्वी एखाद्या गाडीवरून आमची कचाकचा भांडणं व्हायची, दुकान डोक्यावर घ्यायचो. आज मी मुद्दाम एकाला नको तितका रुंद टायर सांगून बघितला. म्हटलं, आता तरी फणा काढेल. नाही काढला. माझी मलाच लाज वाटून मी आकडा बदलला.

जिंकलोय ना मी? मग रंगवाल्याकडे जाऊन चहा का प्यावासा वाटतो?

रविवार, १६ मार्च

दुकान बंद. चहा घेताना विचारलं — एवढ्या तेवढ्यावरून मापं घेणं सोडलंस?

ही म्हणाली, ‘रिंगेवर पान्याचे ताजे ओरखडे होते. मी टॉर्च धरली तेव्हाच बघितले. गिऱ्हाइकासमोर तुमचं नाव कसं घ्यायचं, म्हणून माझं घेतलं.’

मी हातातली बशी खाली ठेवली.

‘गाडीत माणसं बसतात, अहो. माझ्यावर राग होता तर मला बोलायचं होतं.’ कप उचलून आत जाता जाता म्हणाली, ‘मोठ्या रस्त्यावर जागा ठरवून आले मी. उद्यापासून माझं दुकान तिथे.’