टकटक आणि तेलाची सुई

३ फेब्रुवारी, मंगळवार

टकटक आहे! बाबांच्या गाडीचं इंजिन तापलं की खालच्या बाजूने येते, अगदी स्पष्ट. बाबा म्हणतात, "भास होतो तुला." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि निकाल दिला — "घड्याळासारखं चालतंय." आयुष्यभर गॅरेजात इंजिनं ऐकलेला माणूस. लांबलांबून लोक नुसता आवाज ऐकवायला गाड्या आणायचे. मी पाइप-फिटिंगच्या दुकानात काउंटरला बसणारी. माझं कोण ऐकतंय!

दादाचा फोन. "विकून टाका ते डबडं. रस्त्यात बंद पडली तर?" त्याला तिकडे बसून बोलायला काय जातंय. गाडी गेली की बाबा खुर्चीत बसतील ते बसतीलच. मला त्याचीच धास्ती आहे. इंजिन धडधाकट निघावं आणि मीच खोटी पडावी, असं वाटतंय.

५ फेब्रुवारी

तोडगा निघाला. दोन गेज आणली — एक तेलाचा दाब दाखवणारं, एक तापमान. गाडीत तेलासाठी नुसता लाल दिवा आहे, आणि तो पेटेपर्यंत इंजिनाचे बारा वाजलेले असतात. अट बाबांनीच घातली: "तापलेल्या इंजिनावर सुई दहाच्या खाली आली तर खुशाल विका. नाही आली तर दोघांनीही तोंड बंद ठेवायचं." दादा कबूल. रविवारी येतोय.

६ फेब्रुवारी

लाल दिव्याचा जुना सेन्सर हलता हलत नाही. पाना निसटला, बोटं सोलून निघाली. झोपते.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानाला दांडी. सेन्सर एकदाचा निघाला. तिथे टी जॉइंट लावला — एका तोंडाला जुना लाल दिव्याचा, दुसऱ्याला नव्या गेजचा. मग कूलंट काढून तापमानाचा बसवला. वायरी पत्र्याच्या भोकातून आत घेताना बाबा डोक्यावर उभे. "रबर घाल आधी. पत्रा वायर कापतो." घातलं बाई.

गाडी सुरू केली. तापमानाची सुई हळूहळू वर. तेलाची ढिम्म! वायरी तपासल्या, फ्यूज तपासला, गाडीखाली पुन्हा लोळून आले. शेवटी बाबा वाकले, सेन्सरच्या गळ्याशी पांढरी टेप डोकावत होती ती बघितली.

"किती वेढे दिलेस?"

मोजते कोण? दिवसभर गिऱ्हाइकांना तेच तर करून दाखवते, हात आपोआप गुंडाळतात.

"नळ बसवलायस का? याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं, टेपने वीज अडते. तू त्याला मफलर घातलास."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मला असा राग आला! मग मलाही हसू फुटलं. टेप सोलून काढली, वरच्या दोन आट्यांना थोडंसं सीलंट लावलं. सुई थेट साठावर. बाबा माझ्याकडे निवडणूक जिंकल्यासारखे बघत होते. इंजिन तोवर पुन्हा थंड झालं होतं आणि थंड, घट्ट तेलाचा दाब जास्तच दिसतो, मला कळत होतं, तरी खूप बरं वाटलं.

जेवायला म्हणून तीनदा हाक मारली. पाठमोरे बसून गेजची काच पुसत होते, ढुंकून बघितलं नाही. माज चढलाय नुसता.

८ फेब्रुवारी, रविवार

दादा आला. बाबा चालवायला, मी शेजारी, दादा मागे. टेकडीच्या रस्त्याने वर जाऊन परत. फाटकाशी येऊन गाडी नुसती सुरू ठेवली. तापमान जिथे हवं तिथे. तेलाची सुई तीस. वीस. मग आठवर येऊन थांबली.

आणि टकटक. दादाला मागच्या सीटवरसुद्धा ऐकू आली.

बाबा म्हणाले, "गेज खराब असेल." मग स्वतःच, "नाही. गेज नवीन आहे." इंजिन बंद केलं. दादा "मी म्हटलं होतं" म्हणेल म्हणून मी तयारीत होते, पण त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला फक्त. बुधवारी गिऱ्हाईक पाठवतोय. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि आत गेले. मी मोरीत जाऊन रडले.

इंजिनाच्या बाबतीत बाबा चुकलेले मी आजवर पाहिलेच नाहीत.

९ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी गाडीपाशी बोलावलं. "कशी वाजते ती टकटक? वाजवून दाखव." मी बॉनेटवर बोटाच्या पेराने वाजवायला लागले, इंजिनात येते तश्शी. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले.

"वाजव ना," म्हणाले.

मी वाजवतच होते.