आतली बेरीज, बाहेर शून्य

४ मार्च २००३
पोराले, सुधाकरले, नातीच्या होणाऱ्या सासरी बल्लारपूरले एकच गोष्ट विचाराले पाठवलं होतं. लग्नानंतर आमच्या रेखाले नोकरी करू देतीन का नाई? सुधाकर दिवसभर सोयऱ्याकडं बसला, कोंबडी खाल्ली, आला.
"काय म्हणाले?"
"बोलणं झालं."
"अरे, पण काय?"
"चांगली माणसं हायेत, माय."
गेला कशाले होता?

६ मार्च
रेखा, माझी नात, ब्रह्मपुरीच्या कम्प्युटर क्लासात. सर म्हणते, वेबपान चालवून दाखव, मंग इथीच शिकवाले ठेवतो. आपल्या तलावातली रोहू, कतला, झिंगे, ज्याचं त्याचं वजन टाकलं की बेरीज दिसाले पायजे. दिसते शून्य. पोरगी जेवली नाई. मी म्हणलं, तुह्या मशीनीत मांजर बसली असंल.

७ मार्च
मासोळी साफ करता करता रेखा सांगे. बेरजेचं काम ज्याले देल्लं, त्याले फंक्शन म्हणतेत. त्याच्या आत 'एकूण' हाये, बाहेरबी 'एकूण' हाये. नाव एक, पण दोघं वेगळे.
यात काय नवल? आमची सून शांता, शेजारीण शांता. घरात हाक मारली की सूनच ओ देते. सून जेवली म्हणून शेजारणीचं पोट भरत नाई.
"मंग आतली बेरीज बाहेर येईल कशी?"
"रिटर्न लिहा लागते, आजी. मी लिवलंच नव्हतं."

८ मार्च
रिटर्न लिवलं. तरी शून्य! रडकुंडीले आली. संध्याकाळी सापडलं. उत्तर बाहेर येत होतं, पण बाहेरच्या 'एकूण'मंदी ते ठेवून घ्याचं राह्यलं होतं. आता बेरीज दिसते. सरांनी नोकरी पक्की केली. पोरगी दोनदा जेवली.

९ मार्च
सुधाकरले धरलंच. मान खाली.
"त्यायनंच विचारलं, पोरगी घरी राहीन ना? ताटावर बसलो होतो. नाई कसं म्हणू? हो म्हणलं."
विचाराले गेला अन् उत्तर देऊन आला! सोयऱ्याच्या ताटावर नाई म्हणत नाई, हे मलेबी मालूम हाये. पण ताट तुहं, नोकरी तिची.
रेखा जाळं झटकत बसली.

१० मार्च
बल्लारपूरले फोन केला. सुधाकरचा 'हो' इथी कोणी धरला नाई, म्हणून सांगतलं. रविवारी नवरदेवानं स्वतः यावं. बापाले, मामाले आणू नये. जेवणाच्या आधी रेखासमोर बसावं. तिनं विचारावं, त्यानं उत्तर द्यावं. सुधाकरनं तलावावर जावं.