चोविसावा कागद

३ मार्च, सकाळी ७
आज लिफ्टसाठी मतदान. इमारतीच्या सचिवांनी (व्यवसाय वायरमनचा, आवेश घटनातज्ज्ञाचा) कुठूनसे बटणांचे यंत्र मिळवले आहे. ते दारोदार फिरणार. मी अध्यक्ष, आणि लिफ्टच्या विरुद्ध. ठरावच सदोष आहे : ‘लिफ्ट असावी’ एवढेच म्हटले आहे, का असावी ते नाही. शिवाय जिना ही शिस्त आहे. चार मजले, अडुसष्ट पायऱ्या; मी रोज दोनदा चढतो. चोविसांपैकी किमान चौदा मते विरुद्ध पडतील.

३ मार्च, सायंकाळी ६
बाजूने तेवीस. विरुद्ध एक.

४ मार्च
शांतपणे विचार केला. आमच्या घरात मते दोन : माझे आणि हिचे. दोन्ही विरुद्ध. यंत्र दाखवते एक. म्हणून यंत्र सदोष. अनुमान निर्दोष आहे; चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यावर एवढे कळते. वायरमन म्हणाला, सर, यंत्राचं तुमच्याशी काय वाकडं आहे? एकदा बाईंना विचारून तर बघा. मी म्हणालो, जे सिद्ध आहे ते विचारायचे नसते.

७ मार्च
मागणी मान्य. फेरमतदान कागदावर. कागद पुन्हा तपासता येतो. यंत्राच्या पोटात शिरता येत नाही. नियम मीच लिहिले : मतदाराने तळमजल्यावरच्या खोलीत जातीने यावे, खूण फुलीचीच करावी. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारले, मग तुमच्या घरातल्या उतरणार कशा? चौदा महिने झाले, गुडघ्यांपायी उंबरा ओलांडला नाही त्यांनी. विषयांतर होते, तसे सांगितले. तरी हिला म्हणालो, नाही जमले तर राहू दे. ही म्हणाली, जमवते.

११ मार्च, दुपार
ही उतरली. पन्नास मिनिटे लागली. पायरीवर बसायचे, कठडा धरून सरकायचे, पुन्हा बसायचे. मी हात पुढे केला तर म्हणाली, अहो, तुम्ही तुमची पेटी सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर हिचे ओठ पांढरे पडले होते. निष्ठा म्हणतात ती हीच. गहिवरून आले. दाखवले नाही.

११ मार्च, ५ वाजता
बाजूने तेवीस. विरुद्ध एक.
प्रत्येक कागद स्वतः तपासण्याचा हक्क नियमांत राखून ठेवला होता. बजावला. तेवीस कागदांवर दोरीला बांधलेल्या पेनाच्या निळ्या फुल्या, माझीही त्यांतच. चोविसाव्यावर ‘असावी’समोर लाल टिकमार्क, लांब शेपटीचा. तीस वर्षे ही शाळेच्या पेपरांत बरोबर उत्तराला अशीच खूण करीत आली.
फुली नसल्याने मत बाद ठरवता येईल. बावीस विरुद्ध एक. केवळ नोंद म्हणून लिहितो.

१२ मार्च
ही वर आलेली नाही. शिवणवाल्या बाईंकडेच राहिली. निरोप : लिफ्ट झाली की येते.
यंत्र बरोबर मोजत होते, असे तूर्त मानण्यास हरकत नाही. गृहीतक तेवढे तपासायचे राहिले.

१४ मार्च
तीन खेपा झाल्या. हिचा चष्मा, हिच्या गोळ्या, हिची उशी. चढताना दुसऱ्या मजल्यावर बसावे लागले. वारा घेण्यासाठी.
शेवटी विचारले, आधी का नाही सांगितलेस? ही म्हणाली, सांगितलं की, तीनदा. तुम्ही गरजेची व्याख्या मागितलीत.
शिवणयंत्र थांबले. बाई आत गेल्या.
वायरमन ठराव घेऊन आला. अध्यक्षांची सही हवी. म्हणालो, पेन वर राहिले. हिने उशीखालून आपले काढून दिले. लाल.
सही केली. लाल शाईतील सही ग्राह्य धरावी काय, असा एक मुद्दा सुचला. मांडला नाही.