चौथ्या चित्राचा हार उतरविणेबाबत

दि. १० ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
जनसुविधा संकुल, जि. बुलढाणा.

विषय : पहिल्या मजल्यावरील चौथ्या चित्राचा हार उतरवून चित्रकार बाईंचा पत्ता मिळणेबाबत.

संदर्भ : शिपाई राजकुमार यांना दि. ६ रोजी केलेली तोंडी विनंती.

महोदय,

१) आपल्या व्हरांड्यात यंदा साध्या माणसांची छापील चित्रे लागली आहेत. कोणी भाजी निवडते, कोणी नळावर उभे आहे. चार रेषा, बाकी कोरा कागद, तोंडाला नाक-डोळे नाहीत. चौथ्या चित्रात एक माणूस एसटी स्टँडच्या बाकावर चपला मांडीखाली दाबून बसला आहे. ते माझे मालक वामनराव आहेत.

२) मालक दि. ९ मे २०२२ रोजी जळगाव जामोदला बहिणीकडे जातो म्हणून निघाले, ते तिथे पोचलेच नाहीत. पोलिसांत नोंद आहे. चित्राखाली पेन्सिलीने २०२४ लिहिले आहे, म्हणजे बाईंनी त्यांना त्यानंतर कुठेतरी पाहिले. आपल्या कार्यालयात मला विचारले, चेहरा नाही तर ओळखले कसे. साहेब, आमच्याच लग्नात त्यांच्या चपला चोरीला गेल्या, तेव्हापासून कुठेही बसले की चपला मांडीखाली. असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

३) दि. २ रोजी भिंतीवरील थोर पुरुषांना हार घालण्याचा हुकूम होता. एक हार उरला, तो राजकुमार यांनी मालकांना घातला. "रिकामा फोटो बरा दिसत नव्हता, मले काय मालूम," असे ते म्हणाले. त्यांच्या मनात खोट नाही. परंतु माझे दीर पंजाबराव दाखल्यासाठी आले होते, त्यांनी चपलांवरून भावाला ओळखले आणि मोबाईलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात एकशे बारा जणांनी श्रद्धांजली वाहिली. सांजच्याला शेजारच्या सुभद्राबाई चार बाया घेऊन दारात रडत बसल्या व माझ्या कपाळाकडे पाहू लागल्या. हार घातल्या दिवसापासून मोजून दिरांनी येत्या मंगळवारी तेरवी धरली असून मंडपवाल्यास सांगून झाले आहे. मला कोणी विचारले नाही. फार राग आहे, पण तो आपल्यावर नाही.

४) काल हार काढायला मी स्वतः आले होते. हात पोचत होता. फुले वाळली होती. समोर उभी राहिले आणि हार काढायचा सोडून माझे हात जोडले गेले, डोळे मिटले. घाबरून तशीच अमडापूरला परत आले. आता माझ्या हातांवर माझा भरवसा नाही. म्हणून मंगळवारच्या आत आपल्या माणसाकडून हार उतरवावा. पत्ता देणे नियमात बसत नसेल तर बाईंना एवढेच विचारावे की तो बाक कोणत्या गावच्या स्टँडवरचा. मी जाऊन पाहीन.

सोबत : पोलीस नोंदीची झेरॉक्स, श्रद्धांजलीच्या मेसेजची प्रिंट.

उत्तराची वाट पाहणारी,
सौ. कोकिळा वामनराव लहाने
रा. अमडापूर, ता. चिखली

(आवक नोंदवहीत माझ्या नावाआधीचे सौ. राहू द्यावे, ही विनंती.)