निलूच्या पावलाची ताटली

९ जानेवारी, शुक्रवार

रात्रभर झोप न्हाई. काल जेवताना अक्कानं — माझी मोठी नणंद, नांदेडची — निलूला मांडीवर घेतलं अन् म्हणल्या, "ही मला दे की गं! तुला काय, आणखी होतील." मी हसले. हसायला नको होतं. सासूबाई हसल्या न्हाईत. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं.

अक्काच्या लग्नाला लई वर्षं झाली, लेकरू न्हाई. मला त्यांचं वाईट वाटतं. पण त्यांच्या हाताची भीती वाटायली. निलूला धरलं की सोडतच न्हाईत.

ह्यांना विचारलं. "मस्करी गं! झोप गप." अन् घोरायले.

मातीकाम शिकवणाऱ्या मॅडमनं ही वही दिली, मातीचं काय काय शिकलाव ते लिहा म्हणून. मी हे लिहायले.

१० जानेवारी, शनिवार

बरं, मातीचं लिहिते. इथं औशातच बचत गटाचं शेड हाय, तिथं शिकवतात. मनिषा मॅडम लातूरहून बसनं येतात. माती भाकरीच्या पिठासारखी मळायची. मला वाटलं, हे तर रोजचंच! पण न्हाई. पीठ माफ करतं, माती करत न्हाई. मॅडम म्हणल्या, आत हवा राहिली की भट्टीत फुटतं. म्हणून मी जोर लावून मळले. शेजारची पारूबाई म्हणली, "काय गं, नवरा समजून मळायलीस का?" सगळ्या बाया हसल्या. मी बी.

आजपासून निलूला घरी ठेवायला सांगितलं. सासूबाई म्हणल्या, "तू निवांत शिक. अक्का हायत पंधरा दिवस, त्या बघतेत." कधी न्हाई ते एवढं गोड! दूध बी तोड म्हणल्या. दीड वर्षाची झाली, बास.

१२ जानेवारी, सोमवार

चाकावरचं भांडं परत ढासळून बसलं. माझे खांदे भरून आले. निलूनं आज दूध मागितलंच न्हाई.

१४ जानेवारी, संक्रांत

बाजारातनं सुगडं आणली. एवढी वर्षं पुजली, कधी बघितली न्हाईत. आज बोट फिरवलं तर आतनं करणाराच्या बोटाच्या रेघा लागल्या. कुठं जोर दिला, कुठं हात हलला, सगळं कळतं. एका सुगडाचा काठ वाकडा होता. तेच मला आवडलं.

पूजा झाल्यावर सासूबाई म्हणल्या, "रथसप्तमीला नांदेडला जायचंय सगळ्यांनी. अक्काच्या घरी. ओटीचं हाय." माझा जीव भांड्यात पडला! हळदीकुंकू, ओटी, म्हणजे नेहमीचंच की. मी खामखा भ्यायले. म्हणलं, "मी अक्कासाठी माझ्या हातची वाटी करते, ओटीत घालायला." सासूबाई म्हणल्या, "कर." अन् तिळगुळाचा डबा घेऊन आत गेल्या.

१५ जानेवारी, गुरुवार

आज निलूला हट्टानं शेडात नेलं. अक्काचं तोंड उतरलं. उतरू दे.

वाटी झाली. जाड झाली, पण उभी हाय! उरलेली माती थापून ताटली केली अन् निलूचं पाऊल त्यात दाबलं. काय हसली! बोटाबोटात माती. मॅडम म्हणल्या, "मागं आपलं नाव कोरा, म्हणजे भट्टीत कुणाचं कोणतं ते कळतं." माझं नाव कोरायला काडी घेतली अन् मनात आलं — दादाचा नंबर. किल्लारीला माझा भाऊ हाय, शेखरदादा, जीप चालवतो. परवापासून ह्यांनी माझा फोन घेतलाय, दुरुस्तीला देतो म्हणून. फोन तर चालू होता. एक दादाचाच नंबर पाठ हाय, तो बी विसरले तर? तोच कोरला.

पारूबाई म्हणली, "अगं नाव कोर म्हणल्या! दुकानाची पाटी हाय का?"

१८ जानेवारी, रविवार

फोन अजून आला न्हाई. विचारलं तर खेकसले. बेजार झालेय. कपडे धुतानाच डुलकी लागली.

२१ जानेवारी, बुधवार

भट्टी उघडली. पारूबाईचा गणपती फुटला, लई हळहळली. माझी वाटी अन् ताटली दोन्ही नीट! पण ताटली हातात घेतली अन् बघितलं. पाऊल बारीक! म्हणलं, हे माझ्या लेकराचं न्हाई, कुणाची तरी बदलली. मॅडम म्हणल्या, "माती भट्टीत आकसते. सगळ्यांचीच." उलटी करून बघितली. नंबर माझाच. आकडे बी आकसलेत.

तरी पदराच्या दोऱ्यानं माप घेतलं अन् घरी येऊन निलूच्या पायाला लावलं. दोरा टाचेपर्यंत पोचला न्हाई. ते पाऊल आता मागच्या पावसाळ्यातल्या निलूचं वाटतं. तेव्हा ती माझ्याशिवाय झोपत नव्हती.

दोरा लावून होईस्तोवर ती उठून अक्काकडं पळाली. अन् त्यांना आई म्हणली. "आई, उचल."

मी दोरा धरून तशीच बसले.

२३ जानेवारी, शुक्रवार

कसं लिहू? लिहिते तरी.

ओटीचं सामान काढलं. खण, नारळ, तांदूळ. म्हणलं, वाटी शेडात हाय, उद्या आणते, आणखी काय घालायचं ओटीत?

सासूबाई म्हणल्या, "निलूला."

मला कळलंच न्हाई. परत विचारलं.

"ओटी भरायची न्हाई, येडे. पोरगी ओटीत घालायची. तिच्या आईनंच आपल्या हातानं घालायची असती. घरातच राहती की, परक्याला देतोय का आपण?"

हे दारात बसले होते. चपलेचा अंगठा नीट करत होते. तो तुटलेला नव्हता.

मी न्हाई म्हणले. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. हे उठले, दार लावलं. "उद्या गाडी येणार. तमाशा नको." अक्का रडायल्या होत्या. म्हणल्या, "मी तिला फुलासारखी ठेवीन गं." ठेवतील बी! तेच तर वाईट हाय. कुणाला सांगू?

निलूला पोटाशी धरून बसलेय. तिनं दूध मागितलं. दिलं.

२४ जानेवारी, शनिवार

वाटी आणायची म्हणून शेडात आलेय. बाहेर गाडीत सगळे थांबलेत, निलू अक्काच्या मांडीवर. हॉर्न वाजवायलेत. आज शेडात कुणीच न्हाई. वही ताटलीखाली ठेवते.

मॅडम असतील, कुणीबी असल, हे वाचणारानं ताटली उलटी करायची. मागं नंबर हाय, बारीक हाय, उजेडात धरा. माझ्या भावाला फोन करा. म्हणावं, उद्या रथसप्तमी हाय, जीप घेऊन नांदेडला अक्काच्या घरी ये. म्हणावं, मी हात सोडणार न्हाई, पण तू लवकर ये.