टाळक्यावर डोळे

खारघर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दिनामामास,
क्षिप्राचा सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून शेजारच्या जुनैदच्या हाती पत्र. तो रोज उलव्याला येतो.

संग्रहालयासाठी ज्याचं चित्र करतेय तो प्राणी अडलाय. बेडकाच्या गोतातला, पण मगरीएवढा. बावीस कोटी वर्षांपूर्वीचा. हाती फक्त चपटी कवटी. मी त्याला हिरवागार करून कमळांच्या तळ्याकाठी बसवला. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, हा नुसता फुगवलेला बेडूक, आणि कमळं तर तेव्हा नव्हतीच! शुक्रवारी पुन्हा बघणार. नाही पटलं तर काम दुसऱ्याला. माझ्या नावावरचं पहिलंच काम, मामा. बसवत नाही, जेववत नाही. कवटीचा फोटो सोबत आहे.

रागावा, पण लोभ कमी करू नका.
क्षिप्रा

उलवे,
५ फेब्रुवारी

चि. क्षिप्रास अ. उ. आ.

कमळं काय, हळदीकुंकवाला बसवलंस का त्याला? फोटो पाहून मला आपल्या खाडीच्या चिखलातले मासे, ती निवटीच आठवली. डोळे टाळक्यावर! असं जनावर काठावर मिरवत नाही. चिखलात अंग पुरतं, वर नुसते डोळे. ओहोटीला तुझी आई आधी डोळे शोधायची, म्हणून तिची टोपली भरायची. मी अंग शोधायचो आणि हात हलवत यायचो. चिखल काळा करू नकोस; निळसर करडा, वर तांबूस साय.

चिखलाचा नमुना आणायला काल गेलो होतो. गाव होतं तिथे सगळा विमानतळाचा भराव. खाडी कुठल्या अंगाला होती तेच कळेना. मला, तिथे जन्मलेल्याला! रखवालदाराने विचारलं, आजोबा, कोणाला शोधताय? तसाच परत फिरलो. तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतोय.

वेळेवर जेव. माया आहेच.
दिनामामा

खारघर,
८ फेब्रुवारी

ती. स्व. मामास सा. न.

पास! अंग पुरलं. बाई बराच वेळ नुसता चिखलच बघत होत्या. मग डोळे दिसले आणि चक्क दचकल्या. असा चिखल कुठे पाहिलात, म्हणाल्या. मी आपल्या गावाचं नाव सांगितलं. नीट अक्षरं विचारून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

उद्‌घाटनाला या. असाच लोभ राहू दे.
क्षिप्रा

उलवे,
१० फेब्रुवारी

चि. क्षिप्रास अ. उ. आ.

येतो. जुनैदबरोबर एक पुडकं पाठवलंय. त्यात आपल्या घराच्या दाराची कडी आहे. गाव सोडताना तेवढीच काढून घेतली होती. एका कवटीवरून तू अख्खं जनावर उभं केलंस, आता हिच्यावरून घर होतंय का बघ.

माझ्यावर लोभ असेल तर हे काम लवकर हाती घे. रंग विचारायला मी आहे तोवर.
दिनामामा